गडग्यावरची सुनावणी

"नाव घेऊ नको हो त्या पोराचं," माईंनी शालूवहिनींना पहिल्याच वाक्याला अडवलं. "बाकी काय सांगायचं ते खुशाल सांग."

नाव न घेता गप्पा मारायच्या म्हणजे मीठ न लावता सोलं करायची. शालूवहिनींचा चेहराच पडला. सकाळच्या उन्हाला सोलांचं सूप घेऊन त्या गडग्यापाशी आल्या त्या काय नुसतं वाळवण घालायला? आमची तीन परडी जिथे मिळतात त्या कोपऱ्यात चिऱ्याचा गडगा कमरेइतका आहे. मे महिन्यात तिथे ऊन सगळ्यात आधी पोचतं, आणि रत्नागिरीतली बातमीही.

माईंच्या तोंडाला कुलूप का, ते आधी सांगते. बाईंचा जन्म शाळेत शिकवण्यात गेला आणि निवृत्तीनंतर काही वर्षं त्या बाल न्याय मंडळावर होत्या. मंडळावर एक न्यायदंडाधिकारी असतो आणि दोन समाजकार्यकर्ते, त्यात एक तरी बाई लागते. ती बाई म्हणजे माई. आळीतल्या सगळ्यांपेक्षा जास्त भानगडी ज्यांना ठाऊक, त्याच सांगू शकत नाहीत. बाल न्याय कायद्याचं कलम 74 आहे म्हणे: प्रकरणातल्या मुलाचं नाव, पत्ता, शाळा, काही म्हणजे काही बाहेर फोडायचं नाही. सहा महिन्यांपर्यंत कैद, नाहीतर दोन लाखांपर्यंत दंड, नाहीतर दोन्ही. "गडग्यावर कसलं आलंय जाहीर?" असं शालूवहिनींनी विचारून बघितलं. "तुझ्या गडग्यापेक्षा पेपर बरा, तो एकदाच छापतो," माई म्हणाल्या.

तर नाव न घेता बातमी अशी. वरच्या आळीतला आठवीतला एक मुलगा. त्याला आपण 'तो'च म्हणू. आणि त्याच्याच वर्गातला दुसरा, बोलताना जरा अडखळणारा. त्याला बाळ म्हणू. जूनपासून 'तो' आणि त्याचे तिघे-चौघे मित्र बाळच्या मागे लागलेले. शाळेच्या रिक्षात अडचणीची जागा बाळला, मांडीवर सगळ्यांची दप्तरं. मग डब्यातली पोळी गायब. मग मराठीच्या तासाला बाळ धडा वाचायला उभा राहिला तेव्हा कुणीतरी चोरून आणलेल्या फोनवर त्याचं अडखळणं तेवढं टिपून घेतलं, घरी जाऊन त्याला ठेका लावला आणि मुलांच्या ग्रुपवर टाकलं. त्याच्या चेहऱ्याचे स्टिकर झाले. कुणी विचारावं, उद्या गणिताचा पेपर कितीला, की खाली बाळचं अर्धवट उघडं तोंड. बाळची आई दोनदा 'त्या'च्या घरी जाऊन आली. दोन्ही वेळा चहा मिळाला, आणि चहाबरोबर "मुलं आहेत, मस्करी करतात, आमचा तसा नाही" हे वाक्य. एप्रिलमध्ये परीक्षा संपली त्या दुपारी सायकल स्टँडवर धक्काबुक्की झाली आणि बाळचा पुढचा दात अर्धा गेला.

"अर्धा," शालूवहिनींनी करंगळीच्या नखावर खूण करून दाखवला. "मी बघितला ना. हसताना तोंडावर हात धरतो हो ते पोर. आणि 'त्या'चा बाप काय म्हणतो माहितेय? नाक्यावर उभा राहून सांगतो, माझ्या मुलावर साधी एफआयआर झाली नाही. म्हणे आपली वट आहे."

माईंना खदखदून हसू आलं. त्या हसल्या की हातातली परात हलते, म्हणून मी परात धरली.

"वट कसली गो! कुणाच्याच पोरावर होत नाही. अठराच्या आतला मुलगा असला, गुन्हा अगदी घोर नसला आणि बरोबर कुणी मोठं माणूस सामील नसलं, तर एफआयआर घ्यायचीच नाही असा नियम आहे. स्टेशन डायरीत नोंद करायची, घर कसं, संगत कुणाची, शाळेत हजेरी किती याचा अहवाल तयार करायचा आणि मंडळाकडे धाडायचा. गणवेश घालून जायचं नाही, बेडी नाही, कोठडी नाही. कलेक्टरच्या पोराने दात पाडला तरी हेच आणि हमालाच्या पोराने पाडला तरी हेच. त्या बापाला वाटतंय आपण जिंकलो."

"म्हणजे नाही जिंकला?"

"दात तुटलाय ना? मग ती गंभीर दुखापत. हाड मोडणं आणि दात तुटणं कायद्यात एकाच ओळीत आहे. जुन्या पीनल कोडात 320, आताच्या न्याय संहितेत 116. मोठ्या माणसाने जाणूनबुजून केलं असतं तर सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे त्याला."

खरं सांगते, दाताला कायद्यात इतका मान आहे हे मला ठाऊक नव्हतं. आपण 'दात पाडीन तुझे' असं दिवसातून किती सहज म्हणतो.

शालूवहिनींना मात्र मुलाच्या शिक्षेत रस नव्हता. आळीत कुणालाच नाही. पोर ते पोर, त्याला काय कळतंय, हे सगळ्यांचं मत. सगळ्यांना हवाय तो बाप. पांढरा शर्ट, मनगटात सोन्याचं कडं, गाडी कुठेही आडवी लावतो. त्याला कायदा काय करतो ते बघायला आळी टपून बसली आहे. "मुलाचं राहू दे माई," वहिनी म्हणाल्या, "बापाला आत टाकत नाहीत का?"

नेमकी तेव्हाच मिरकरवाड्याहून येणारी मासेवाली मावशी बांगड्यांची पाटी घेऊन पाणंदीतून आली. विषय काय हे तिला सांगावं लागलं नाही, ती तीन घरं करून आली होती. पाटी गडग्यावर टेकवून तिने निकाल देऊन टाकला. "पोरान् काच फोडली तर पैसं कोन भरतो? बापूसच ना? मग दाताचं पन बापसान् भरायचं. त्येला कोर्ट कशाला?"

"तुझा न्याय बरोबर आहे," माई म्हणाल्या, "कायद्याचा तसा नाही."

आणि मग ती गोष्ट त्यांनी सांगितली, जी त्यांचे यजमान, आमचे अण्णा वकील, ज्युनियरांना सांगायचे. इंग्लंडातली, 1916 सालची. एका बापाने पंधरा वर्षांच्या मुलाला छऱ्याची बंदूक दिली होती. शेजाऱ्याची काच फुटली, तक्रार आली. बाप म्हणाला, विल्हेवाट लावतो बंदुकीची. लावली नाही. पुढे त्याच बंदुकीने दुसऱ्या एका मुलाच्या डोळ्याला इजा झाली. कोर्टाने बापाला भरपाई द्यायला लावली. दिवाणी नुकसानभरपाईचा आपला कायदा बराचसा त्याच इंग्रजी निवाड्यांच्या घरचा, त्यामुळे बेबी विरुद्ध सेल्स हा खटला आपल्याकडच्या पुस्तकांतही असतो.

"तेच तर म्हनतेय मी," मावशी म्हणाली.

"नाही गो, नीट ऐक. त्याला भरायला लावलं ते बाप म्हणून नाही. बंदूक कुणी दिली? त्याने. काच फुटल्याचं कुणाला सांगितलं? त्यालाच. काढून घेतो कोण म्हणालं? तोच. काच फुटायच्या आधीच डोळा गेला असता तर कदाचित बाप सुटलाही असता. बाप असणं हा आपल्याकडे गुन्हा नाही. मुलाने केलेल्या नुकसानाचा दावा लावायचा तर तो खुद्द मुलावर लावता येतो, पालकामार्फत. बापावर लावायचा तर बापाची स्वतःची चूक दाखवावी लागते. आणि ती चूक बहुतेक वेळा एकच असते. कळलं होतं, तरी काही केलं नाही."

मावशीला हे पटलं नाही. तिने बांगड्यांचा भाव सांगितला, माईंनी कमी केला, मावशीने शेवटच्या दोन बांगड्यांवरून वाद घातला आणि ती पुढे गेली. जाताना म्हणाली, "कायद्यापरीस आमचा मिरकरवाडा बरा."

आता मावशीचा न्याय अगदीच हवेतला नाही. जपानात जवळपास तसाच आहे. माईंची भाची तिकडे तोक्योत निशी-कासाईला असते. त्या भागात आपली इतकी माणसं आहेत की 2019 मध्ये योगेंद्र पुराणिक हा आपला मराठी माणूस तिथल्या एदोगावा वॉर्डातून निवडून आला होता. भाचीने तिकडे गेल्यावर मुलाला सायकल घेतली तेव्हा दुकानदाराने आधी विम्याचं विचारलं. हिला हसूच आलं, सायकलीला कसला विमा! तर तोक्योत 2020 पासून तो सक्तीचा आहे. त्यामागे अशाच भानगडी. कोबे शहरात पाचवीतला एक मुलगा उतारावरून सायकल दामटत आला आणि एका बासष्ट वर्षांच्या बाईंना धडकला; त्या पुन्हा शुद्धीवर आल्या नाहीत. 2013 साली कोर्टाने मुलाच्या आईला साडेनऊ कोटी येन भरायला सांगितलं. मुलाला नीट शिकवलं नाही, हा आईचा दोष. तिकडचा दिवाणी कायदा म्हणतो की मुलाला स्वतःची जबाबदारी कळण्याचं वय नसेल तर ती सांभाळणाऱ्यावर, आणि आपण हयगय केली नाही हे सांभाळणाऱ्यानेच दाखवायचं.

"साडेनऊ कोटी!" शालूवहिनींनी आपल्या धाकट्याच्या सायकलीकडे अशा नजरेने बघितलं की मला कीव आली. सायकलीची.

पण तिथेही बाप म्हणून आंधळेपणाने धरत नाहीत. दोन वर्षांनी, 2015 मध्ये, त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या एका आईबापांना सोडलं. शाळेच्या मैदानावर अकरा वर्षांचा मुलगा गोलपोस्टवर फुटबॉल मारत होता, चेंडू रस्त्यावर गेला, मोटारसायकलवरचे आजोबा पडले आणि पुढे वारले. खालच्या कोर्टांनी पालकांना पैसे भरायला लावले होते. वरचं कोर्ट म्हणालं, मैदानात चेंडू खेळणाऱ्या मुलाच्या आईबापांनी आणखी काय शिकवायचं होतं?

मी मग मधे माझं घोडं दामटलं. अमेरिकेतला एक किस्सा मी वाचला होता, आणि तो तर अगदी आपल्या आळीतला वाटतो. जॉर्जिया राज्यात सातवीतल्या एका मुलाने वर्गातल्या मुलीच्या नावाने फेसबुकवर खोटं खातं उघडलं. चेहरा बेढब करून टाकला आणि तिच्या नावाने वाटेल ते लिहिलं. शाळेने मुलाच्या आईबापांना बोलावून सांगितलं. त्यांनी आठवडाभर मुलाला घरात डांबलं, म्हणजे आपल्या भाषेत खेळायला जाणं बंद. पण खातं? ते तसंच. अकरा महिने तसंच. काय लिहिलंय ते उघडून बघायचीही तसदी घेतली नाही, आणि मुलीच्या घरच्यांना साधा फोन नाही. 2014 मध्ये तिथल्या अपील कोर्टाने म्हटलं की खातं उघडण्यापूर्वी तुम्हाला कळलं नाही हे मान्य, पण कळल्यानंतरच्या या महिन्यांचा जाब तुम्हाला पंचांपुढे द्यावा लागेल.

"शिक्षा केली नव्हती असं नाही ना," शालूवहिनी म्हणाल्या. "केली होती."

"मुलाला केली," माई म्हणाल्या. "मुलीचं काय? तिचं थोबाड अकरा महिने टांगलेलंच होतं ना तिथे?"

तिकडच्या काही गावांनी तर सरळ दंडच लावून टाकलेत. न्यूयॉर्क राज्यात नायगऱ्याजवळ नॉर्थ टोनावांडा नावाचं गाव आहे. तिथे 2017 पासून मुलाने पुन्हा पुन्हा कुणाला छळलं तर आईबापांना अडीचशे डॉलरपर्यंत दंड आणि पंधरा दिवसांपर्यंत कैदही होऊ शकते. विस्कॉन्सिनमधल्या शवानो गावात 2016 मध्ये दंड ठरला तो तीनशे सहासष्ट डॉलर, वर्षात दुसऱ्यांदा झालं की जवळजवळ दुप्पट. तिथेही आधी लेखी सूचना, सुधारायला मुदत, मग दंड. मला स्वतःला हे काही फारसं पटत नाही. कडंवाला बाप अडीचशे डॉलर खिशातून काढून फेकेल आणि वर पावती मागेल. मरेल ती दोन पाळ्या करणारी एकटी आई, जिला मुलगा शाळेतून कधी आला हे दिसतच नाही. दंडाचा आकडा सारखा असला म्हणून तो सारखा लागतो असं नाही.

माईंना माझं म्हणणं अर्धंच पटलं. "पैशाचं बरोबर. पण ती लेखी सूचना मला आवडली. आपल्याकडे तेवढीसुद्धा कागदाची सोय नाही. शाळा तोंडी बोलावते, तोंडी सांगते, बाप तोंडी हो म्हणतो. सहा महिन्यांनी सगळे म्हणतात, असं काही बोलणंच झालं नाही."

"आपल्याकडे कायदाच नाही का मग?" मी विचारलं.

"मुलाने छळलं म्हणून बापाला अमुक दंड, असा सरळ कायदा नाही. बाप सापडतो तो त्याच्या नावावर काय आहे त्यात." आणि माई बोटांवर मोजायला लागल्या. सगळ्यात कडक गाडीचा. 2019 मध्ये मोटार वाहन कायद्यात 199 अ आलं. अल्पवयीन मुलाने गाडी चालवली तर पालक किंवा मालक दोषी. तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार दंड, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द, मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत लायसन नाही. आणि गंमत ही की गाडी पालकानेच दिली असं कोर्ट धरून चालतं. नव्हती दिली, किंवा तसं होऊ नये म्हणून पुरेशी काळजी घेतली होती, हे पालकाने सिद्ध करायचं.

इथे पुण्याची पोर्शे निघणारच होती, ती निघाली. मे 2024, कल्याणीनगर, दोन तरुण इंजिनियर ठार, आणि मंडळाने सुरुवातीला घातलेली ती तीनशे शब्दांच्या निबंधाची अट. निबंधाचा विषय निघाला की माई अजून अस्वस्थ होतात. मंडळावर बसलेल्या प्रत्येकाला लोकांनी त्यानंतर वर्षभर निबंधावरून टोमणे मारले. "पण आईबाप कशात अडकले ते बघ ना," त्या म्हणाल्या. "बापावर आरोप पोराच्या हातात गाडी दिल्याचा. मग पोराच्या रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून आईबाप दोघंही. म्हणजे पोराने जे केलं ते पोराच्या खात्यावर. यांच्या खात्यावर यांनी केल्याचं म्हणतात ते."

"आमच्या 'त्या'ने गाडी कुठे चालवली? फोनच तर वापरला," शालूवहिनी.

"फोनचं सिम कुणाच्या नावावर गो? अठराच्या आत सिम मिळत नाही. पोलीस पहिला फोन लावतील तो बापालाच. हां, सिम नावावर आहे म्हणून लगेच बाप गुन्हेगार होत नाही. पण मग त्याला विचारतात, तुला कधी कळलं? आणि इथे बाळची आई दोनदा चहा पिऊन आलीय."

मला हे फार आवडलं. त्या बाईला आळीत भांडकुदळ म्हणतात. मुलांच्या भांडणात मोठ्यांनी पडू नये असं सगळ्या सुज्ञांचं मत, आणि ही दोनदा दुसऱ्याच्या दारात. पण 1916 सालच्या त्या फुटक्या काचेच्या मालकाने तक्रार केली नसती तर बाप कुठे सापडता? माईंनी लगेच विचारलं, "तारखा आहेत का तिच्याकडे?" आहेत. दोन्ही वेळा जाण्याआधी तिने 'वहिनी, संध्याकाळी घरी आहात ना, मुलांविषयी बोलायचं होतं' असा मेसेज टाकला होता. समोरून अंगठा आला होता. म्हणजे बापाने नाक्यावर कितीही वट सांगितली तरी तो अंगठा आहे.

आता मंडळ काय करील? माईंनी कुणाचंही नाव न घेता सांगितलं, आणि ते सांगताना त्यांना होणारा त्रास दिसत होता. समज देऊन घरी पाठवता येतं, पण समुपदेशन मुलाबरोबर आईबापांचंही करता येतं. मुलाला समाजसेवेचं काम देता येतं. दंड करता येतो, तो मुलाला किंवा थेट आईबापांना. किंवा मुलाला बापाच्या ताब्यात देऊन बापाकडून त्याच्या चांगल्या वागणुकीचा बॉण्ड लिहून घेता येतो, जास्तीत जास्त तीन वर्षांचा. "दंडाला कुणी घाबरत नाही," माई म्हणाल्या. "समुपदेशनाला घाबरतात. पैसे किती ते सांगा, मला वेळ नाही, असं म्हणणारा बाप मी स्वतः बघितलाय."

"कुठला हो?"

"ते नाही सांगणार."

"रत्नागिरीतलाच?"

"शालू, सोलं पालथी कर, करपतायत."

सोलं करपत नव्हती. पण वहिनींनी एकेक उलटली. कालच्या रसाने ती चिकट झाली होती आणि त्यांची बोटं मनगटापर्यंत लाल.

शाळेचा विषय निघाला. शाळेने 'त्या'ला काढून का टाकलं नाही, हा आळीचा दुसरा आवडता प्रश्न. तर आठवीपर्यंत काढताच येत नाही. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम 16. प्राथमिक शिक्षण पुरं होईपर्यंत कुठल्याही मुलाला शाळेतून घालवून द्यायचं नाही. म्हणून शाळा काय करतात, तर बापाला बोलावून गोड शब्दांत सांगतात की तुम्हीच दाखला घेऊन जा. इथे तर भलतंच झालं. शाळेने दाखल्याचं सुचवलं ते बाळच्या आईला. "त्याला वातावरण बदल मिळेल" असे शब्द वापरले. हे ऐकल्यावर माई क्षणभर काही बोलल्या नाहीत, आणि मग त्या मुख्याध्यापकांबद्दल जे बोलल्या ते छापण्याजोगं नाही.

तेवढ्यात शालूवहिनींना आठवलं की मोठीच्या इंजिनियरिंगच्या प्रवेशाला त्यांनीही कसलासा रॅगिंगचा फॉर्म भरला होता. तोच तो. हिमाचलातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयातल्या मुलाचा 2009 मध्ये रॅगिंगने बळी गेल्यावर यूजीसीने नियम केले, त्यात विद्यार्थ्याचं प्रतिज्ञापत्र वेगळं आणि पालकाचं वेगळं. महाराष्ट्राचा स्वतःचा कायदा तर त्याच्याही आधीचा, 1999 चा. दोन वर्षांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड, आणि दोषी ठरला की पाच वर्षं दुसरीकडे प्रवेश नाही. "वाचला होतास का फॉर्म?" माईंनी विचारलं. वहिनींनी वाचला नव्हता. कुणीच वाचत नाही. कॅफेवाला भरून देतो, आपण ओटीपी सांगतो. मला मात्र नवल वाटतं ते याचं की अठरा पुऱ्या झालेल्या मुलाच्या बापाकडून आपण लिहून घेतो, आणि ज्या वयात बापाचं अजून ऐकतात त्या आठवीच्या वेळी काहीच नाही.

"मी असते तर पट्ट्याने सोलून काढला असता," वहिनी म्हणाल्या. "एकदाच. पुन्हा नाव काढलं नसतं."

"मग बाल न्याय कायद्याचं कलम 75," माई शांतपणे म्हणाल्या. "ज्याच्या ताब्यात मूल आहे त्याने मुलाला क्रूरपणे मारलं तर तीन वर्षांपर्यंत."

"म्हणजे काही केलं नाही तरी आम्ही, आणि केलं तरी आम्हीच!"

"काहीतरी म्हणजे पट्टाच का? फोन काढून घे. क्लिप कुणाकुणाकडे गेली ते त्याच्याकडून लिहून घे आणि प्रत्येकाला पुसायला लाव. रिक्षा बंद कर, चालत धाड. दाताचं बिल विचार. यातलं एक जरी 'त्या'च्या बापाने पहिल्या चहाला केलं असतं ना, तर दातापर्यंत गोष्ट आली नसती."

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण बाळच्या मामाने काय केलंय ते मी सांगितलं आणि माईंनी कपाळाला हात लावला. मामाने आळीच्या ग्रुपवर 'त्या'चा फोटो टाकलाय, शाळेच्या गणवेशातला, खाली 'या गुंडाला ओळखून ठेवा'. दोनशे माणसं आहेत त्या ग्रुपवर. "झालं," माई म्हणाल्या. "परत तेच 74. आता 'त्या'चा बाप मामावर तक्रार करील आणि दात राहील बाजूला. काढायला सांग त्याला, आत्ताच्या आत्ता." मी तिथल्या तिथे मामाला मेसेज केला. मामाचं उत्तर आलं, 'वकिलाला विचारून सांगतो.' विचारण्यासारखं यात काय आहे देव जाणे.

मग माईंनी सहज विचारावं तसं विचारलं, "शालू, मुलांच्या त्या ग्रुपवर तुझा धाकटा आहे ना गो?"

वहिनींचा हात सुपातच थांबला. "आहे. सगळाच वर्ग आहे. पण त्याने काही बनवलं नाही हां. नुसतं..."

"नुसतं काय?"

"एक-दोनदा पुढे पाठवलंन. ट्यूशनच्या ग्रुपवर. आणि ते हसणारं तोंड टाकलंन." मग घाईघाईने, "पण काल मी समोर बसवून सगळं पुसायला लावलं. ग्रुप सोडायला लावला. फोनमध्ये आता काही म्हणजे काही नाही."

"पुसायच्या आधी कुठे कुठे गेलं ते बघितलंस?"

"नाही."

"बाळच्या आईला सांगितलंस?"

"तिला कशाला सांगायचं? उगाच आपणहून..." वहिनी बोलता बोलता थांबल्या आणि माझ्याकडे बघायला लागल्या. मी काय बोलणार? ट्यूशनच्या ग्रुपवर माझी पुतणी आहे. तिनेही बघितलंच असणार, आणि घरात मी विचारलेलं नाही.

"ट्यूशनच्या ग्रुपवर अजून असेल ते," माई म्हणाल्या. "तिथलं आधी टिपून ठेव, मग सरांना सांगून काढायला लाव. आणि बाळच्या आईकडे जा. आजच."

"आज? तिचं डोकं आधीच तापलेलं आहे हो. रिकाम्या हाताने कशी जाऊ? कापा फणस उतरवलाय कालच, तो नेऊ का अर्धा?"

"फणस नको. पोराला ने."

"संध्याकाळी त्याचा क्लास असतो."

"सहाला सुटतो," माई म्हणाल्या. "माझ्याच दारावरून जातो ना रोज."